रणात सायकलच्या चाकांना एलईडी लावायचे आहेत: मीठ, दव, धूळ धरून पक्की पद्धत हवी

सुरसागर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पौष पौर्णिमेच्या सुमारास आमच्या बडोद्याच्या गटाच्या सात सायकली कच्छच्या पांढऱ्या रणात, धोरडोला न्यायच्या आहेत. चाकांना एलईडी लावायचं ठरलं आहे. पाच सायकली २६ इंची एमटीबी (माउंटन बाईक), दोन जुन्या २८ इंची काळ्या. दिवे दोन्ही बाजूंनी दिसावेत, एका चार्जमध्ये संध्याकाळी सहा ते रात्री अकरा चालावेत आणि परत आल्यावर सायकलवर खूण न राहता उतरावेत, एवढी अपेक्षा. गटात दोघांचं सोल्डरिंग चांगलं आहे.

नेटवर मिळणारी बहुतेक माहिती नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातल्या बर्निंग मॅन या उत्सवासाठी लिहिलेली आहे. ती आपल्या रणाला कितपत लागू पडते? पट्टी घ्यावी की तांब्याच्या तारेची माळ?

---

चाकसरळ

आधी चाक, मग दिवे. २६ इंची एमटीबीच्या रिमचं टायर-बैठकीचं माप ५५९ मिमी, २८ इंची काळ्या सायकलचं ६३५. फरक मोठा वाटला तरी दोन्हींना एकाच लांबीची पट्टी बसवता येते.

पट्टी रिमला चिकटवायचा विचार सोडून द्या. रिमच्या आतल्या अंगाला मधोमध स्पोकचे निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) असतात, त्यामुळे १० मिमी रुंदीची पट्टी सपाट बसत नाही. चिकट टेपही दोन-चार तास फिरल्यावर धुळीने सुटतो. त्यात काळ्या सायकलचे दांडी-ब्रेक रिमच्या आतल्या अंगावरच, म्हणजे हबकडच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याकडच्या) बाजूवर दाबतात. तिथे पट्टी लावलीत तर पहिल्याच ब्रेकला कापली जाईल.

पट्टीचं गोल कडं करून ते स्पोकवर बांधा. हबच्या मध्यापासून २४.५ सेंमी त्रिज्येवर. २६ इंचीत ते रिमच्या साधारण २ सेंमी आत येतं, २८ इंचीत ६ सेंमी आत, म्हणजे दांडी-ब्रेकच्या पॅडपासून मोकळं. तरी चाक हाताने फिरवून ब्रेकपासून सगळीकडे निदान १ सेंमी जागा आहे ना, ते बघाच.

कडं चाकाच्या डाव्या अंगाला. उजवीकडे चेन आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग). सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन गेली की डिरेलरचा पिंजरा स्पोकच्या अगदी जवळ येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एलईडी पट्टी फक्त एका दिशेने वाकते, पुस्तकाच्या पानासारखी. ती स्पोकवर आडवी झोपवून गोल करायला गेलात तर तांब्याचे पातळ मार्ग आतल्या आत तुटतात. दुकानात पेटलेली पट्टी चाकावर अर्धी बंद पडते ती बहुतेक वेळा यामुळेच. पट्टी काठावर उभी राहिली पाहिजे, एलईडीचं तोंड हबकडे. मग प्रकाश स्पोकवर आणि हबवर पडतो, चाक आतून उजळतं आणि दोन्ही बाजूंनी दिसतं.

---

मकरपुरा५०

चाकसरळ यांच्या मापावरून हिशोब.

२४.५ सेंमी त्रिज्या म्हणजे घेर सुमारे १.५४ मीटर. मीटरला ३० एलईडीची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी घ्या, सिलिकॉन नळीतली, आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाणारी) लिहिलेली. एका चाकाला ४६ एलईडी. पाच मीटरच्या रिळात १५० असतात, म्हणजे एका रिळातून तीन चाकं आणि १२ एलईडी दुरुस्तीला. चौदा चाकांना पाच रिळं. एक कडं राखीव राहील. मीटरला ६० किंवा १४४ घेऊ नका. अंधाऱ्या रणात ३० भरपूर होतात आणि बॅटरी तिथेच वाचते.

या पट्टीचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. ४६ चे झाले जवळपास २.८ अँपिअर. एवढं लागतच नाही. एकच रंग, २० टक्के उजेड धरला तर एलईडीमागे ४ मिलिअँपिअर, शिवाय आतली चिप गप्प बसूनही १ च्या आसपास घेते. म्हणजे सगळे मिळून २३० आणि कंट्रोलरचे २०: चाकाला २५० मिलिअँपिअर. २६०० एमएएचचा एक १८६५० सेल (चार्ज होणारा गोल लिथियम सेल) कागदावर दहा तास देतो. थंडी आणि शेवटी शेवटी उतरणारा व्होल्टेज धरून सहा-सात तास समजा. तुमचे पाच तास आरामात निघतात.

पट्टी पाच व्होल्टची असली तरी थेट ३.७ व्होल्टच्या सेलवर चालते. सेल ३.५ च्या खाली गेला की आधी निळा मंदावतो, पांढरा पिवळट दिसायला लागतो. हीच बॅटरी संपत आल्याची खूण. लाल-नारिंगी रंग ठेवलेत तर तो फरक जाणवतही नाही.

कंट्रोलर, म्हणजे पट्टीला रंग-नक्षीचा डेटा पाठवणारा छोटा बोर्ड, आर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला. १६ मेगाहर्ट्झचा नॅनो ३.७ व्होल्टवर त्याच्या मर्यादेबाहेर चालतो; बाकावर चालेल, थंडीत अडकेल. सेल थेट व्हीसीसी पिनला, मधला रेग्युलेटर टाळून. याचा दुसरा फायदा असा की डेटाची उंची आणि पट्टीचा व्होल्टेज एकच राहतो. ३.३ व्होल्टच्या बोर्डने पाच व्होल्टची पट्टी चालवली की डेटाला निदान ३.५ व्होल्ट हवे असतात, ते मिळत नाहीत आणि एलईडी वेडेवाकडे चमकतात. तो प्रश्नच इथे उद्भवत नाही. प्रोग्राम भरताना मात्र सेल काढून ठेवा. लायब्ररी निओपिक्सेलची वापरा, ती ८ मेगाहर्ट्झला नीट चालते.

डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओमचा रेझिस्टर, पट्टीच्या तोंडाशी. पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये ४७० मायक्रोफॅराड, १० व्होल्टचा कपॅसिटर. हे दोन्ही वगळले की पहिला एलईडी मरू शकतो, आणि तो मेला की डेटा पुढे जात नसल्याने सगळं कडं मरतं.

---

कमाटीबाग

छान माहिती. दोन शंका. पॉवर बँक लावली तर चार्जिंगची कटकट नाही. आणि चाकावर अक्षरं, चित्रं दाखवणारे पीओव्ही दिवे मिळतात, ते का नको?

---

मकरपुरा५०

बऱ्याच पॉवर बँका कमी करंट बघून स्वतःहून बंद होतात. काही ५० वर, काही १०० मिलिअँपिअरवर. नक्षीमध्ये मधेच काळोख ठेवलात की बँकेला वाटतं फोन भरला. वजनही हबजवळ नीट बसत नाही.

पीओव्हीचं गणित रणातल्या वेगाला जमत नाही. २६ इंची चाकाचा घेर टायरसकट सुमारे २.०७ मीटर. मिठावर गर्दीतून ताशी १२ किलोमीटर जाल, म्हणजे सेकंदाला १.६ फेरे. चार दांड्या लावल्या तरी एका जागेवरून सेकंदाला सहा-सात वेळा प्रकाश जातो. डोळ्याला चित्र दिसत नाही, लुकलुक दिसते. थांबल्यावर तर नुसत्या चार काड्या. कडं मात्र उभ्या सायकललाही छान दिसतं.

---

चाकसरळ

वजनाचं म्हणाल तर ताशी २० ला रिमजवळच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साडेसातपट ओढ येते. ५० ग्रॅमचा सेल पावणेचारशे ग्रॅमने बाहेर खेचला जातो, त्यात खड्ड्याचे धक्के वेगळे. तोच सेल हबपासून ४ सेंमीवर असेल तर ओढ त्याच्या वजनाच्या थोडी वर, सुमारे १.१५ पट. म्हणून सेल, बोर्ड, स्विच सगळं हबला लागून. एका बाजूला सेल, समोरच्या बाजूला बोर्ड आणि कपॅसिटर. तरी चाक एका अंगाला जड वाटलं तर तिकडे दुसरा सेल समांतर जोडा. जोडण्याआधी दोन्ही पूर्ण भरून घ्या. एक भरलेला आणि एक रिकामा जोडला की भरलेला सेल रिकाम्यात भस्सकन ओततो, तापतो.

---

शिवणताई

सेल हबला बांधायला टेप वापरतात, त्याचा डिंक सुटतो आणि वर मिठाचा थर बसतो. त्यापेक्षा पिशवी शिवा. छत्रीचं जुनं नायलॉन, सेलच्या मापाची खोळ, तोंडाला एक इंचाची घडी आणि वेल्क्रो. खोळीच्या दोन्ही टोकांना पाऊण इंची नायलॉनची नाडी; हबच्या दोन फ्लँजमध्ये (स्पोक अडकतात त्या चकत्यांमध्ये) एक वेढा घालून स्पोकमधून ओवायची आणि आपल्याच बकलात अडकवायची. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती नको. शिवण दुहेरी. खोळ स्पोकवर आवळूनच बसली पाहिजे. ढिली राहिली तर सेल आत हलतो आणि तारेचा सोल्डर तुटतो.

---

कच्छी_वारा

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथेच बर्निंग मॅनचे लेख आपल्याला चुकीच्या वाटेने नेतात.

ब्लॅक रॉकची धूळ अल्कधर्मी आहे, पिठासारखी बारीक, आणि कोरडी. तिथले लोक धूळ आत शिरू नये म्हणून धडपडतात. आपल्या रणात धूळ हा दुय्यम त्रास आहे. खरा शत्रू मीठ आणि त्यावर पडणारं दव. दिवसा सायकलवर बसलेलं मीठ निरुपद्रवी वाटतं. रात्री पारा उतरला की दव पडतं, मीठ ते पाणी ओढून घेतं आणि पट्टीच्या उघड्या टोकावर खारट पाण्याचा थर तयार होतो. त्यात चार व्होल्टची डीसी वीज. पॉझिटिव्हचं तांबं विरघळायला लागतं. सकाळी बघितलं तर पॅडभोवती हिरवट-निळा चोथा, आणि नखाने खरवडलं की पॅडच निघून हातात.

हे जिथे होतं ती जागा लोक विसरतात: पट्टीचं शेवटचं टोक. सुरुवातीला तारा जोडतात म्हणून तिथे सगळे नीट सील करतात. शेवटी फक्त कापलेली पट्टी असते, तीन अर्धगोल तांब्याचे ठिपके, मोहरीएवढे. ते नळीच्या तोंडातून बाहेर डोकावत राहतात. दोन्ही टोकांना नळीच्या आत निदान १ सेंमी सिलिकॉन भरा, मग टोपण, मग डिंकवाली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी).

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरच हवं, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि आतलं तांबं तेच खातं. वाळायला दिवसाला २-३ मिमी असा हिशोब धरा. ते हवेतल्या ओलाव्याने वाळतं, म्हणून कोरड्या थंडीत आणखी वेळ लागतो. निघायच्या आदल्या रात्री करायचं हे काम नाही. आठवडा हातात ठेवा. हॉट ग्लू वापरू नका, थंडीत आखडतो आणि सिलिकॉनच्या नळीवरून सालासारखा निघतो.

बोर्ड डबीत ठेवण्याचा मोह होतो. डबी दिवसा तापते, रात्री गार झाली की तारेच्या भोकातून दमट हवा आत ओढते. त्यापेक्षा बोर्ड रुंद हीट श्रिंकमध्ये घाला आणि दोन्ही तोंडं सिलिकॉनने बुजवा.

---

कमाटीबाग

परत आल्यावर व्हिनेगरच्या पाण्याने सायकल धुवावी असं त्या लेखांत आहे. ते करावं का?

---

कच्छी_वारा

नको. तिथली धूळ अल्कधर्मी, तिला पातळ व्हिनेगर मारतं. आपल्याकडे साधं मीठ आहे. त्याला व्हिनेगरने काही होत नाही, उलट स्टीलचे स्पोक आणि निपल गंजायला मदत होते. मिठाला उतारा गोड पाणी. भुजला परतल्याबरोबर बादली आणि फडका, दोन-तीन वेळा पाणी बदलून. प्रेशर पंप हब आणि बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलच्या धुरीवर) मारू नका, खारं पाणी बेअरिंगमध्ये ढकललं जातं. चेन पुसून पूर्ण वाळवून मग तेल. जाताना चेनला मेणाचं कोरडं वंगण लावलंत तर धूळ कमी धरते.

---

सुरसागर

सगळ्यांचे आभार, हे अपेक्षेपेक्षा खूप जास्त आहे. तारेच्या माळेचं राहिलं. गटातल्या धाकट्या मुलांच्या दोन सायकलीही येतील असं आता दिसतंय, त्यांना सोल्डर न करता काही करता येईल का? आणि कडं बांधायची क्रमवार पद्धत मिळाली तर बरं होईल.

---

चाकसरळ

मुलांच्या सायकलींना माळ चालेल. पाच मीटर, ५० एलईडी, तीन एए सेलची डबी. माळेची तार म्हणजे नुसतं लाखेचा थर दिलेलं तांबं. स्पोकवर घासली की लाख उडते, दोन तारा स्पोकमार्फत जुळतात आणि माळ शॉर्ट होते. म्हणून ओवताना तार दोन स्पोकमध्ये ताणून सोडायची नाही. स्पोकवर सैल वेढे देत रिमकडे जायचं, निपलजवळून पुढच्या स्पोकवर आणि परत हबकडे. प्रत्येक स्पोकवर दोन ठिकाणी पारदर्शक टेप. डबी हबला, झाकणाला स्क्रू असलेली.

कड्याची पद्धत. ३६ भोकांच्या चाकात डावीकडे १८ स्पोक येतात. काळ्या सायकलींना बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० असतात, म्हणजे १६ आणि २०. हबपासून २४.५ सेंमीवर प्रत्येक डाव्या स्पोकला मार्करने खूण करा. खुणेवर जुन्या ट्यूबच्या रबराची बोटभर पट्टी गुंडाळा, म्हणजे केबल टाय घसरत नाही आणि रंगही खरवडत नाही. कडं आधी चार जागी, बारा-तीन-सहा-नऊवर सैल बांधा, चाक फिरवून डोळ्याने गोलाई तपासा, मग उरलेले टाय. एकदम आवळत गेलात तर शेवटी पट्टी कमी पडते किंवा फुगा येतो.

टाय काळे घ्या, उन्हात पांढऱ्यापेक्षा जास्त टिकतात. डोकी हबकडे. शेपट्या फ्लश कटरने सपाट कापा. कात्रीने तिरप्या कापलेल्या शेपटीने पोटरी फाटते. दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे दोन्हीकडे दोन-दोन टाय.

अजून एक. कारखान्यात पट्टी साधारण दर अर्ध्या मीटरला जोडलेली असते, तिथे सोल्डरचा उंचवटा दिसतो. टाय त्या जोडावर बसवू नका, दोन्ही अंगांना बोटभर सोडून बसवा. जोडावरच आवळलं तर धक्क्याने तिथेच तडा जातो, आणि मग चाक हलवलं की पेटतं, थांबलं की विझतं.

---

मकरपुरा५०

हबपासून कड्यापर्यंत २४ गेजच्या सिलिकॉनच्या तीन तारा एकाच स्पोकला धरून न्या, तीन जागी टाय. सोल्डरपाशी तारेला ओढ लागता कामा नये. पट्टीच्या नळीला आणि तारेला मिळून एक टाय मारा. स्विच रबरी टोपीचा टॉगल. चुंबकाचा रीड स्विच लावू नका. सुरू करताना कपॅसिटर एकदम भरतो, त्या झटक्याने रीडची पाती चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. चार्जिंगला टीपी४०५६ चा संरक्षणवाला बोर्ड, पण तो चाकावर नको. सेल खोळीतून काढून खोलीत चार्ज करा. चार्जिंगचं उघडं सॉकेट म्हणजे मिठाला दार. सेल मात्र स्वतःचं संरक्षण सर्किट असलेलाच घ्या.

उजेड २० टक्क्यांच्या वर नेऊ नका असं पुन्हा सांगतो. पांढरं मीठ खालून प्रकाश परत फेकतं, त्यात पौर्णिमा. जास्त उजेड केलात तर शेजारच्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात आणि त्याला जमिनीतली भेग दिसत नाही. नारिंगी किंवा निळसर-हिरवा मिठावर उठून दिसतो. पांढरा चांदण्यात हरवतो.

---

कच्छी_वारा

जागेबद्दल. पावसाळ्यानंतर रणात पाणी असतं, ते आटत जाऊन मिठाचा थर पक्का होतो, म्हणून पौष बरा. तरी वरचा थर कडक आणि खाली चिखल अशा जागा असतात. लोकांचा वावर असलेल्या पट्ट्यातच राहा. टायर २ इंची किंवा जास्त, हवा ३० पीएसआयच्या आसपास. काळ्या सायकलींचे टायर अरुंद, त्या मिठावर रुततील, त्यांना पक्क्या वाटेवरच ठेवा. बन्नी भागात विलायती बाभूळ माजलेली आहे, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात. काटा टायर आरपार करतो. माणशी एक ट्यूब आणि पंक्चरचं सामान. कडं स्पोकवर असल्याने टायर काढायला अडचण येत नाही, हाही त्याचा फायदा.

पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो. सायकली रात्री कुठवर आणि किती वाजेपर्यंत नेऊ देतात, हे तो घेतानाच विचारून घ्या.

---

सुरसागर

जाण्याआधी इथे बडोद्यात चाचणी कशी घ्यावी?

---

मकरपुरा५०

दोन चाचण्या. पहिली ओलाव्याची: पूर्ण जोडलेलं कडं, स्विच चालू ठेवून, खारट पाण्याच्या फवाऱ्याने भिजवा, लिटरला दोन चमचे मीठ. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दोन्ही टोकं आणि तारेचा जोड भिंगाने बघा. हिरवा कण दिसला तर ते टोक कापून पुन्हा सील. चौदाही कडी तपासा, नमुन्यादाखल एक नको.

दुसरी धक्क्याची. गरब्याची मातीची मैदानं नवरात्रानंतर रिकामी असतात, धूळ आणि खड्डे दोन्ही मिळतात. अर्धा तास चालवून टाय, खोळ, तार तपासा. ढिलं व्हायचं ते याच अर्ध्या तासात होतं.

---

कमाटीबाग

सायकली सयाजीनगरी किंवा कच्छ एक्सप्रेसने भुजला नेता येतील का? की टेम्पो करावा?

---

चाकसरळ

दोन्ही गाड्या बडोद्याला थांबतात. सायकली ब्रेक व्हॅनमध्ये जातात, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आधी बुक कराव्या लागतात. कुठून कुठे ते स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन जागी बांधा. सेल सायकलबरोबर बुक करू नका. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत, टोकं झाकून, हातातल्या सामानात. कडीही काढून, मोठ्या गोलात सैल गुंडाळून बरोबर न्या, कारण व्हॅनमध्ये सायकली एकमेकींवर रचतात आणि पॅडल दुसऱ्याच्या स्पोकमध्ये घुसतं. रबराच्या खुणा स्पोकवर तशाच ठेवल्या तर भुजला एका चाकाला वीस मिनिटं लागतात. तिथून धोरडो सुमारे ८० किलोमीटर, तेवढ्यासाठी टेम्पो करावाच लागेल.

आणि पुढचा पांढरा, मागचा लाल दिवा वेगळे लावा. चाकाचे दिवे बाजूने दिसतात. समोरून किंवा पाठीमागून येणाऱ्याला ते जवळजवळ दिसतच नाहीत.